परहेज वेगळा, पाठ फिरवणं वेगळं

हायडेलबर्गहून आल्यापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो : "वाइनच्या मुलखात आपलं काय काम होतं?" विचारणारे आपलेच असतात. कुणी चेष्टेत विचारतं, कुणी काळजीने. म्हणून उत्तर एकदाच लिहून टाकते.

हायडेलबर्ग हे जर्मनीतलं नेकार नदीकाठचं छोटं, जुनं शहर. विद्यापीठ १३८६ सालचं, नदीवरचा दगडी पूल १७८८चा. टेकडीवरचा लाल दगडाचा किल्ला सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजांनी उद्ध्वस्त केला, तो तसाच उभा आहे. भाचा तिथे शिकतो, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत जाणं झालं. शहराच्या दोन्ही अंगांना डोंगरउतारावर द्राक्षमळे आहेत. डोंगर थंड वारा अडवतो, त्यामुळे या पट्ट्यात वसंत लवकर येतो आणि बदामही फुलतात. ट्रामने श्रीसहाइम गावात उतरलं की मळे थेट समोर दिसतात. आम्ही पायवाटेने वर गेलो, बाटलीतला साधा द्राक्षरस प्यालो आणि उतरलो. एवढ्याने ईमान डगमगत असेल, तर ते आधीच कच्चं होतं.

किल्ल्याच्या तळघरात १७५१ सालचं एक लाकडी पिंप आहे. त्यात सुमारे दोन लाख वीस हजार लिटर वाइन मावेल. इतकं मोठं कशाला? तर शेतकऱ्यांकडून उत्पन्नाचा दहावा हिस्सा वाइनच्या रूपात वसूल व्हायचा, तो साठवायला. दहावा हिस्सा म्हटल्यावर मला उश्र आठवला. उश्र गरिबाच्या हक्काचा, हा राजाच्या तळघरात जाणारा. फरक मोठा आहे, पण तो पिंपापाशी उभं राहिल्यावरच मनात आला.

आणि आपण उर्दूवाले कोणत्या तोंडाने नाक मुरडतो? साकी, जाम, मैखाना हे शब्द मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. गझल शिकून माझा एकही विद्यार्थी गुत्त्यात गेला नाही. हराम काय ते आपल्याला ठाऊक आहे. ते तोंडाला लावायचं नाही, हा परहेज. ज्या गावात ते पिकतं त्या गावाकडे, तिथल्या माणसांकडे आणि ज्ञानाकडे पाहायचंच नाही, ही पाठ फिरवणं. दीनने पहिली गोष्ट सांगितली. दुसरी आपण आपल्या मनाने जोडली.

इक्बालांनी पाठ फिरवली नाही. १९०७ साली ते याच गावात नेकारकाठी राहिले आणि एम्मा वेगेनास्ट या शिक्षिकेकडे जर्मन शिकले. त्याच वर्षी म्युनिक विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. नेकारकाठच्या संध्याकाळच्या शांततेवरची त्यांची नज्म 'बांग-ए-दरा'त आहे. ते राहिले त्या घरावर आज पाटी आहे आणि नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

उलट दिशेनेही माणूस आला. याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले गुंथर सोन्थायमर मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. खंडोबाला मल्लूखान म्हणणारे मुसलमान भक्तही त्यांच्या अभ्यासात आले. आपल्या शेजारातली ही गोष्ट आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून हे जास्त टोचतं. उर्दू शाळेतले पालक सांगतात, "मॅडम, मराठी पास होण्यापुरती करून घ्या." मराठी शेजारी म्हणतो, "उर्दू तर तुमची भाषा." दोघेही भाषेला हराम-हलालच्या यादीत टाकतात. भाषा त्या यादीत नाही. इक्बाल जर्मन शिकून जर्मन झाले नाहीत, सोन्थायमर ओव्या ऐकून धनगर झाले नाहीत. दोघेही होते त्याहून मोठे झाले.

नवीन शैक्षणिक वर्ष सुरू होतंय. ज्यांची मुलं उर्दू शाळेत आहेत त्यांनी घरात रोज एक मराठी पान मोठ्याने वाचून घ्या. आणि मराठी वाचकहो, उर्दू अक्षरं शिकायला दोन-तीन महिने पुरतात. कुणी तयार असेल तर शिकवायला मी बसलेलीच आहे.