आवाज डोळ्यांनी पाहू या

विज्ञानाच्या पुस्तकात तरंगाची आकृती असते, आयाम आणि वारंवारतेची व्याख्या असते. मुले ती पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. कारण तरंग त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो. तो पडद्यावर दाखवणारे यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. जर्मनीच्या फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये तयार केलेल्या नळीतून ते पुढे आले. रिठदसारख्या गावातल्या शाळेला हे यंत्र घेणे अवघडच. पण त्याचे बरेचसे काम घरातला जुना कॉम्प्युटरही करतो.

माइक आवाजाचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. कॉम्प्युटरचे साउंड कार्ड हा चढउतार सेकंदाला साधारण ४४,१०० वेळा मोजते. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात आवाज रेकॉर्ड करून चित्र मोठे केले की तरंग दिसतो. कॉम्प्युटर नसेल तर मोबाइलवर फायफॉक्स हे ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेल्या या ॲपमध्ये ‘ऑडिओ स्कोप’ आहे.

आता नादकाटा वाजवा. त्यावर ५१२ लिहिले असेल तर दहा तरंगांना सुमारे १९.५ मिलिसेकंद लागतात. दहाला ०.०१९५ ने भागा. उत्तर ५१२ च्या अगदी जवळ येईल. व्याख्या तीच, पण आता ती मुलाने स्वतः मोजलेली.

नादकाटा नसेल तर काचेचा ग्लास चमच्याने वाजवा. पाणी वाढवत गेलात की वारंवारता कमी होते. मग बाटलीच्या तोंडावर फुंकर मारा. इथे पाणी वाढवले की वारंवारता वाढते! ग्लासात काच आणि पाणी कंप पावते, बाटलीत पाण्यावरची हवा. आधी मुलांनाच कारण विचारा, घाईने सांगू नका.

एक गोष्ट मात्र पालकांनी नीट ध्यानात ठेवावी. माइकच्या छिद्रात फक्त माइकच लावायचा. घरातल्या प्लगची, इन्व्हर्टरची किंवा मोटारीच्या स्टार्टरची वायर तिथे कधीही जोडू नये. २३० व्होल्टने कॉम्प्युटर तर जळेलच, मुलाच्या जिवावरही बेतेल. बॅटरी सेलचा स्थिर दाबही यावर दिसत नाही. साउंड कार्ड फक्त बदलते संकेत पुढे जाऊ देते. पडद्यावरची उंची म्हणजे नेमके व्होल्ट नव्हेत, हेही मुलांना सांगावे.

आम्ही शिक्षक वर्गात नेहमी पाहतो, की मुले यंत्रापाशी गर्दी करतात आणि मुली मागे उभ्या राहून वहीत उतरवून घेतात. घरीही भाईजान कॉम्प्युटरवर आणि बहीण स्वयंपाकघरात, असेच असते. विज्ञान शाखा घ्यायची की नाही, हे अशाच लहान गोष्टींतून ठरत जाते. म्हणून या रविवारी अम्मी-अब्बांना आमची एवढीच विनंती आहे, की माऊस आधी मुलीच्या हातात द्यावा.