पंगत एक, बेतही एकच

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सोसायट्यांत वाढदिवस म्हणजे केक, समोसे, पावभाजी, तिन्हींत गहू. सिलिअ‍ॅक आजार असलेल्या मुलाच्या आतड्याला मात्र गव्हातलं थोडंसं ग्लूटेनही इजा करतं आणि आयुष्यभराचं पथ्य हाच त्यावर उपाय. म्हणून हा अंक.

नाचणीचा केक, घावन, खोबऱ्याच्या वड्या आपल्याकडे आहेतच. मेख आहे ती बारकाव्यांत. बटाटेवडा बेसनाचा असला, तरी डबीतल्या हिंगात अनेकदा मैदा असतो आणि समोशांच्याच तेलात तळला, की तोही वर्ज्य. पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ छापायचं, तर ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत हवं. एकट्या मुलाला वेगळी ताटली देण्यापेक्षा सगळ्यांनाच चालेल असा बेत करावा, असं आम्हाला वाटतं. तुमच्या घरचा बेत आम्हाला जरूर कळवा.