छंदाचा चुकलेला डोस

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेसाठी ‘माझा छंद’ या विषयावर लेख द्यावा, असा संपादक मित्राचा निरोप आला तेव्हा मी काहीसा संकोचलो. पक्षिनिरीक्षण हा माझा छंद आहे, असे गेली वीस-बावीस वर्षे मी सर्वांना सांगत आलो आहे. परंतु कपाटातील नोंदवही काढून पाहिली की निराळेच चित्र दिसते. २०१४ सालच्या नोंदी दोन. २०१५ ची एक. त्यानंतरची सलग काही पाने कोरी. अशा माणसाने छंदावर काय लिहावे? मग वाटले, ज्यांनी छंद जोपासला त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्यांचा सुटला ते सहसा लिहीत नाहीत, आणि आपल्या व्यवसायबंधूंत संख्या या दुसऱ्यांचीच अधिक आहे.

माझे पक्षिनिरीक्षण म्हणजे मुख्यत्वे अणशी. बेळगावाहून पहाटे निघून खानापूर, लोंढा, रामनगर मागे टाकावे, जोयड्यात चहा घ्यावा आणि कुंभारवाड्यावरून अणशीला पोहोचावे. तीन तासांची वाट. पुढे घाट उतरला की कद्रा आणि कारवार. अणशीच्या अरण्याला १९८७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २००७ मध्ये दांडेलीसह ते व्याघ्रप्रकल्पात गेले आणि २०१५ पासून त्या प्रकल्पाला काळी नदीचे नाव आहे. माझ्यासारख्याला मात्र तेथे वाघापेक्षा कर्णा, धनेश, शीळकरी कस्तूर आणि विशेष करून तिबोटी खंड्या यांची ओढ. चिमणीहूनही लहान, पाठीवर जांभळी-निळी झाक, पोट पिवळे आणि चोच पोवळ्यासारखी लाल. पाऊस सुरू झाला की तो सह्याद्रीच्या ओढ्यांवर येतो, दरडीच्या मातीत बीळ कोरतो आणि पावसातच पिले वाढवतो.

वाचकांपैकी जे बालरोगतज्ज्ञ आहेत त्यांच्या अडचण लक्षात आली असेल. या पक्ष्याचा विणीचा हंगाम तोच आमच्या दवाखान्याचा हंगाम. जूनमध्ये शाळा उघडतात, जुलैत जुलाब आणि न्यूमोनिया, ऑगस्टपासून डेंग्यू. रविवारी पहाटे चारचा गजर लावून झोपावे आणि दोन वाजताच फोन वाजावा: “डॉक्टर, बाळाची छाती उडतेय.” नेब्युलायझर लावून, मूल सावरून, आईला धीर देऊन बाहेर येईतो उजाडलेले असते. हे एकदा झाले तर गोष्ट म्हणून सांगता येते. सलग सहा रविवार झाले की दुर्बिणीच्या पेटीवर बुरशी धरते. माझ्या दुर्बिणीच्या तर भिंगावरच धरली होती.

उरलेल्या ऋतूंचेही तसेच. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते व नर तिला फटीतून फळे भरवतो, ते पाहण्याचे दिवस उन्हाळ्याचे. आणि ज्या वर्षी एक ढोली नीट सापडली त्याच वर्षी मुलीची दहावीची परीक्षा होती. नंतर वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. पाच वर्षे ते अंथरुणावर होते. सौ. स्वतः भूलतज्ज्ञ असल्याने तिच्या शस्त्रक्रियांच्या वेळा आणि वडिलांच्या कुशी बदलण्याच्या वेळा यांचे कोष्टक आमच्या स्वयंपाकघरात टांगलेले असे. त्या कोष्टकात अणशी कोठे बसणार? वडील गेले आणि वर्षभरात करोना आला. यांपैकी एकही कारण खोटे नव्हते, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. ‘वेळ नसतो, तो काढावा लागतो’ हे वाक्य आपल्या मेळाव्यांत वक्ते फार सहजपणे फेकतात. कोणाच्या वाट्याचा वेळ काढायचा, हे मात्र कोणी सांगत नाही.

उदाहरण द्यायचे तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्याचे देता येते. उत्तर कन्नड जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. तेथे जिल्हाधिकारी डेव्हिडसन, मीठ व जकात खात्यातील एटकेन आणि वनखात्यातील बेल या तिघांनी नोकरी सांभाळून फुलपाखरांच्या अळ्या पाळल्या, त्यांची स्थित्यंतरे नोंदली आणि १८९० व १८९६ मध्ये त्यावरील लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापले. बेल तर निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिले. मी हे लेख आदराने वाचतो. पण त्याबरोबर हेही मनात येते की त्या साहेबांच्या घरी नोकरचाकर होते, आणि रात्री दोन वाजता कोणाच्या बाळाची छाती त्यांच्यामुळे खोळंबत नव्हती. तेव्हा त्यांच्या नियमितपणाने आपण लाजण्याचे कारण नाही.

माझ्या मते छंदाला खरी बाधा अडचणींमुळे होत नाही. अडचण सरते. बाधा होते ती खंड पडल्यानंतर मनात बसणाऱ्या ओशाळलेपणामुळे. वडील गेल्यानंतर मला रविवार मोकळे मिळू लागले होते, तरी मी गेलो नाही. आता काय तोंडाने जायचे, पक्ष्यांचे आवाज विसरलो असेन, पहिल्यापासून सारे शिकावे लागेल, मग पुढल्या वर्षी नीट तयारी करूनच जाऊ, अशी मनाची समजूत घालत राहिलो. सबब अशी एकही नव्हती आणि पाने कोरीच होती.

गंमत अशी की याच विषयावर मी रोज दवाखान्यात उलट व्याख्यान देतो. लसीकरणाचे कार्ड घेऊन एखादी आई दारात घुटमळते. बाळाचा दुसरा डोस होऊन आठ महिने झालेले असतात. गावी गेली होती, सासूचे आजारपण होते, मजुरीचा खाडा परवडत नव्हता. डॉक्टर रागावतील या भीतीने ती आणखी दोन महिने आलेली नसते. तिला मी सांगतो, “ताई, काही बिघडलेले नाही. पहिल्यापासून सुरू करायचे नसते, राहिलेले पुढे द्यायचे.” तोंडावाटे द्यायच्या विषमज्वराच्या लशीसारखा अपवाद सोडला तर अंतर वाढले म्हणून मालिका पुन्हा आरंभावी लागत नाही, हे आपण सारे पदव्युत्तर शिक्षणात शिकलो. शरीर जुनी ओळख विसरत नाही. हा नियम स्वतःला लावायला मला इतकी वर्षे लागली. (लशीचा जनक जेन्नर हाही पक्षिनिरीक्षक होता, हे जाता जाता सांगतो. कोकिळेचे पिलू घरट्यातील इतर पिलांना पाठीवर घेऊन बाहेर ढकलते, हे त्याने १७८८ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्या कामावर तो १७८९ मध्ये रॉयल सोसायटीचा सभासद झाला. देवीची लस त्यानंतर सात वर्षांनी.)

२०२३ च्या जुलैत अखेर गेलो. अणशीतील ज्या कुणबी मामांबरोबर मी पूर्वी हिंडत असे ते आता सत्तरीपुढचे आहेत. ओसरीवर बसले होते. मला पाहून म्हणाले, “डाक्टर, खूब दिसांनी आयले तुमी,” आणि आत चहा सांगितला. आठ वर्षांचा हिशेब कोणी मागितला नाही. वनखात्याच्या नियमांत बसेल तेवढेच, म्हणजे गावच्या वाटेने ओढ्यापर्यंत, त्यांच्या नातवाबरोबर गेलो. पाऊस, जळवा, सारे तेच. पक्ष्यांची नावे आपोआप ओठांवर येत होती. शिकावे असे फारसे काही लागले नाही.

आणि मग मुलगा थांबला. “आयकलें?” त्याने विचारले. मला काहीच ऐकू आले नव्हते. त्याने बोट दाखवले त्या दिशेला मिनिटभर पाहत राहिलो, तेव्हा बांबूच्या काटकीवरून एक तांबडी-निळी रेघ ओढ्यावर गेली. तिबोटी खंड्याचा आवाज फार बारीक, उंच पट्टीतला असतो. वयाबरोबर कानातून प्रथम उंच पट्टी जाते, हे मी रुग्णांच्या आजोबांना समजावून सांगत असे. परतल्यावर तपासणी करून घेतली. आलेख अपेक्षेप्रमाणेच उजवीकडे उतरलेला निघाला. कोऱ्या पानांची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. पक्षी दरवर्षी येत होता. मी ऐकू शकत होतो ती वर्षे मात्र गेली.

त्या दिवसाची नोंद मी ईबर्डवर टाकली, आठ वर्षांचे अंतर तसेच ठेवून. २०२३ चा ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या तीन कोटींवर नोंदींवर उभा आहे आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला आहे. यांतील बहुतेकांना नोकऱ्या आणि घरे असणारच. महिन्यातून एकदा, वर्षातून दोनदा, जमेल तशा टाकलेल्या नोंदीही त्या कामास चालतात.

आता आपल्या संघटनेविषयी थोडे स्पष्ट लिहितो. बारा-तेरा वर्षांपूर्वी याच शहरातील एका समव्यावसायिक मित्राने मला विचारले होते, महिन्यातील एक रविवार तू माझे रुग्ण बघ, एक रविवार मी तुझे बघतो. त्याला तबल्याच्या शिकवणीला जायचे होते. मी काहीतरी कारण सांगून टाळले. खरे कारण मनात होते: माझे रुग्ण त्याच्याकडे गेले आणि तिकडेच राहिले तर? कदाचित त्याच्याही मनात ते असेल, तरी त्याने विचारले होते. त्याचा तबला सुटला, माझे अणशी सुटले, आणि रुग्ण तर दोघांकडेही होते तितकेच राहिले.

म्हणून माझी सूचना आहे की एका शाखेच्या चार-पाच डॉक्टरांनी रविवारची पाळी वाटून घ्यावी, ती दवाखान्याच्या दारावर लावावी आणि सोमवारी रुग्ण कागदासह मूळ डॉक्टरकडे परत पाठवावा, एवढाच नियम असावा. कार्यकारिणीने पुढील सभेत हा विषय घ्यावा. त्या मित्राला मी गेल्या महिन्यात फोन केला. तो म्हणाला, “आता बोटे चालतील की नाही कोण जाणे, पण बघू.” जूनचा दुसरा रविवार त्याने माझ्यासाठी घेतला आहे, तिसरा मी त्याच्यासाठी.