वाटाण्याला हमीभाव हवा

भारतात 1961 साली माणशी रोज 69 ग्रॅम डाळ उपलब्ध होती. 2001 साली ती 30 ग्रॅमवर आली. त्या चाळीस वर्षांत उत्तरेतली ओलिताची जमीन गव्हाने घेतली, भाताला सरकारी खरेदीचा आधार मिळाला आणि हरभरा, मसूर, वाटाणा ही पिके कोरडवाहू रानांत उरली. लोकसंख्या वाढत गेली, तशी डाळीची तूट परदेशातून भरण्याची सवय लागली. या आयातीत सर्वांत स्वस्त माल म्हणजे कॅनडा आणि रशियाचा पिवळा वाटाणा.

भिलाईच्या नेहरू नगरात हिवाळ्यात जबलपूरकडच्या हिरव्या मटाराचे ढीग लागतात. हिरव्या वाटाण्याच्या उत्पादनात चीनखालोखाल आपलाच क्रमांक आहे. प्रश्न सुक्या वाटाण्याचा आहे. गुपचुपच्या गाडीवर, उसळीत, रगड्यात आणि स्वस्त बेसनात हाच वाटाणा जातो. देशातले त्याचे पीक मुख्यतः उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात होते, आणि गरजेच्या मानाने ते फार कमी आहे.

ही गरज भागवताना सरकारने शेतकऱ्याला ज्या रीतीने वागवले, ती चिंतेची बाब आहे. 2016-17 मध्ये 30 लाख टनांहून अधिक वाटाणा देशात आला. हरभऱ्याचे भाव कोसळल्यावर नोव्हेंबर 2017 मध्ये आयात वाटाण्यावर 50 टक्के शुल्क बसले. डिसेंबर 2019 मध्ये वर्षाला दीड लाख टनांची मर्यादा, किलोला 200 रुपयांची किमान आयात किंमत आणि फक्त कोलकाता बंदरातून प्रवेश, अशा अटी लागल्या. आयात जवळजवळ थांबली. शेतकऱ्याने त्यावर भरवसा ठेवून हरभरा वाढवला. मग 2023 चा पावसाळा तुटीचा गेला, तूरडाळ महागली आणि 8 डिसेंबर 2023 रोजी वाटाण्याला शुल्कमुक्त दार उघडले. मुदत होती मार्च 2024 पर्यंतची. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली. 2024-25 मध्ये देशाने सुमारे 73 लाख टन डाळी आयात केल्या. तो उच्चांक होता आणि त्यात 20 लाख टनांहून अधिक पिवळा वाटाणा होता.

2025 मध्ये किलोला 35 रुपयांच्या आसपास पडणारा वाटाणा बंदरात उतरत असताना क्विंटलला 5,650 रुपये हमीभावाचा हरभरा कोण घेणार होता? गिरणीवाला बेसनात वाटाणा घालतो, खानावळीत तुरीच्या वरणात वाटाण्याची डाळ जाते. 2025 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या बाजार समित्यांत तूर 7,550 रुपयांच्या हमीभावाखाली विकली गेली, त्यामागे हेही एक ठळक कारण होते. कृषिमूल्य आयोगाने या आयातीवर बंदीची शिफारस केली. सप्टेंबर 2025 मध्ये एका शेतकरी संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली. त्यानंतर कुठे 1 नोव्हेंबरपासून 30 टक्के शुल्क लागू झाले, तेव्हा रब्बीची पेरणी सुरू झाली होती.

स्वस्त वाटाणा गरिबाच्या पोटात जातो, हे आम्ही विसरत नाही. भिलाईच्या कारखान्यांत ठेक्यावर राबणाऱ्या मजुराच्या घरी प्रथिनांसाठी दुसरे परवडणारे फारसे काही नसते. म्हणूनच आयात सरसकट बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. शुल्क असे हवे, की परदेशी वाटाणा देशी हरभऱ्याच्या हमीभावाखाली उतरणार नाही. आणि गरीब घरापर्यंत डाळ पोचवण्याचे काम रेशन दुकानाने करावे. त्याचा भार हरभरा पिकवणाऱ्याने का उचलावा?

आता आपल्या दाराशी पाहू. दुर्ग, बेमेतरा, राजनांदगावच्या कन्हार आणि डोरसा मातीत भात उभा असतानाच उतेऱ्याने बी फेकायचे, ही जुनी रीत आहे. तिवरा (लाखोळी), मसूर, बटरा (वाटाणा) उरलेल्या ओलीवर येतात. नांगरट नको, पाणी नको, आणि पुढच्या भाताला नत्र मिळते ते वेगळेच. भंडारा-गोंदियातही लाखोळी अशीच घेतात. तिवऱ्याच्या विषारी अंशामुळे 1961 पासून अनेक राज्यांत त्याच्या विक्रीवर बंदी आली, पण रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाने तो अंश कमी असलेली ‘महातिवरा’ जात दिली आहे. बी आहे, माती आहे, रीतही आहे. तरी भातकापणीनंतर कितीतरी शेते पडीक राहतात.

कारण सरळ आहे. इथे एकरी 21 क्विंटल भात 3,100 रुपये भावाने घेतला जातो. वाटाण्याला आणि तिवऱ्याला केंद्राचा हमीभावच नाही. वर भात निघाला, की गुरे मोकाट सुटतात आणि उतेऱ्याचे पीक महिनाभरात फस्त होते. मोकाट गुरे रोखायला 2020 मध्ये ‘रोका-छेका’ मोहीम निघाली होती. ती खरिपाच्या तोंडावर होती, तर उतेऱ्याला राखण लागते ती नोव्हेंबरनंतर. भाताऐवजी डाळ, तेलबिया वा मका घेणाऱ्याला राज्य आता मदत देते, तीही खरिपापुरती.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने 11,440 कोटींचे डाळ आत्मनिर्भरता अभियान सुरू केले. 2030-31 पर्यंत 350 लाख टनांचे लक्ष्य आहे, आणि खरेदीची हमी तूर, उडीद व मसुरीला. वाटाणा या हमीत नाही. जे पीक आपण 2024-25 मध्ये सर्वाधिक आयात केले तेच बाहेर ठेवून आत्मनिर्भरता कशी साधणार? वाटाण्याला हमीभाव द्यावा, कमी विषारी तिवऱ्यालाही द्यावा. भाताची खरेदी करणाऱ्या सहकारी समित्यांनीच मार्चमध्ये उतेऱ्याची डाळ तोलावी. कापणीनंतर गुरे बांधण्याची जबाबदारी ग्रामसभेने घ्यावी आणि राखणदाराचा पगार राज्याने द्यावा. आयातशुल्क सप्टेंबरअखेर, पेरणीआधी जाहीर व्हावे आणि माल मंडीत येईपर्यंत त्याला हात लावू नये.