ट्रकला ओरखडाही नाही!

मंडळी, माझा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यात अपघातात गेला. सांत्वनाला आलेले एक गृहस्थ म्हणाले, "पोरगं सुसाट असणार. स्कूटरचा चुराडा झालाय, ट्रकला ओरखडाही नाही!" तिथे गप्प बसलो. इथे बसणार नाही.

शाळेत संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत घोकलात ना? मग मांडा गणित. ट्रक १०,००० किलोचा, वेग ताशी ३६ किलोमीटर. समोर स्वारासकट २०० किलोची स्कूटर, चक्क उभी. धडकून दोन्ही एकत्र सरकली तर वेग उरतो सुमारे ३५.३. म्हणजे ट्रकचा वेग घटला जेमतेम ०.७ ने, स्कूटरचा वाढला ३५.३ ने, तोही क्षणार्धात! संवेगाची देवघेव दोघांची सारखीच, हाडं मात्र एकाचीच मोडतात.

तेव्हा नुसत्या चुराड्यावरून वेग ठरवू नका. त्यासाठी टायरच्या खुणा, वाहनं थांबली ती जागा, त्यांची वजनं मोजावी लागतात. आणि वेग कळला तरी सिग्नल कोणी तोडला, हे संवेग सांगत नाही.

मी बी.ए. झालेला मास्तर. बदली तासाला हा सिद्धांत मीही मार्कांपुरताच शिकवला. ती चूक मात्र माझी.