पेनड्राइव्ह वापरा, पण कपाटात विसरू नका

लग्नाचा व्हिडिओ आता पेनड्राइव्हवर मिळतो. संगमनेर असो की जामखेड, स्टुडिओवाला अल्बमबरोबर एका छोट्या डबीत तो हातात ठेवतो आणि डबी गोदरेजच्या कपाटात जाते, ती पुढच्या सुनेच्या हौसेपर्यंत तिथेच. दूध संकलन केंद्राचा हिशेब पेनड्राइव्हवर, दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण कार्डावर. हे किती टिकतं, असं विचारलं तर कुणी म्हणतं आयुष्यभर काही होत नाही, कुणी म्हणतं कधी उडेल नेम नाही. आमच्या मते लोक भितात ते नको तिथे आणि निर्धास्त राहतात तेही नको तिथे.

पेनड्राइव्ह आणि कार्डं या दोन्हींत फ्लॅश मेमरी असते. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेली ही मेमरी विद्युतभार कोंडून माहिती धरून ठेवते. लिहिताना-पुसताना इलेक्ट्रॉन एका अतिपातळ रोधक थरातून जबरदस्तीने पार केले जातात आणि दर खेपेला तो थर थोडा खराब होतो. नुसतं वाचल्याने झीज नगण्य. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी महागडी मेमरी सुमारे १ लाख वेळा पुसून लिहिता येते. तीन बिट कोंबणारी स्वस्त मेमरी साधारण १ ते ३ हजार वेळा.

आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण आतला कंट्रोलर लिखाण सगळ्या कप्प्यांवर वाटून टाकतो. याच मेमरीच्या, संगणकात बसणाऱ्या ५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीला कंपन्या ३०० टीबी लिखाणाची हमी देतात. रोज २० जीबी लिहिलं तरी ती मर्यादा गाठायला ४० वर्षं लागतील. तोवर संगणकच भंगारात गेलेला असेल. कॅमेऱ्याच्या कार्डाचं गणित मात्र वेगळं. दिवसरात्र चित्रण चाललं की ६४ जीबीचं कार्ड दोन-तीन दिवसांत भरतं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं जातं. तिथे हलकं कार्ड घालणं म्हणजे चोरी झाल्यावर कोरं कार्ड पाहणं. अशा कॅमेऱ्यांसाठी जास्त टिकाऊ कार्डं मिळतात. चार पैसे जास्त मोजावेत.

खरी काळजी कपाटातल्या डबीची. कोंडलेला भार वीज नसताना हळूहळू झिरपतो आणि उष्णता वाढली की वेगाने झिरपतो. लिखाणाची मर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंशांत एक वर्ष माहिती सांभाळावी, एवढीच जेडेक या उद्योगसंस्थेच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी, कमी वापरलेली मेमरी कितीतरी अधिक टिकते, हे खरं. पण नगरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ३० अंश मिळतात कुठे?

मग कागदच बरा का? नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातले जुने मोडी कागद आजही वाचता येतात, तेही विजेविना. हा मुद्दा वजनदार आहे. तरी कागदाला वाळवी लागते आणि हाताने नक्कल करताना चुका शिरतात. १२९० साली नेवाशात सांगितलेली ज्ञानेश्वरी नकलांमुळेच वाचली, आणि त्याच नकलांत शिरलेले अपपाठ काढायला १५८४ साली एकनाथांना शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. पेनड्राइव्हची नक्कल दहा मिनिटांत होते, बिनचूक होते आणि जवळपास फुकट होते. त्याचा हा गुण आपण वापरतच नाही.

म्हणून रोजच्या कामाला फ्लॅश मेमरी बेधडक वापरावी, पण एकमेव प्रत म्हणून नाही. दूध संस्था आणि ग्रामपंचायतींनी हिशेबाची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर आणि तिसरी गावाबाहेर ठेवण्याचा ठरावच करावा. घरच्यांनी वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, ती डबी उघडावी, व्हिडिओ चालतो का पाहावं आणि तो दुसरीकडे उतरवून घ्यावा. स्टुडिओवाल्याच्या भरवशावर राहू नका. त्यालाही पुढच्या लग्नासाठी डिस्क रिकामी करावी लागते.