इंग्रजी शिकवा, पण मराठी शाळा मोडून नव्हे!

सीमाभागातल्या मराठी माणसाला भाषेच्या अन्यायाची ओळख करून देण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून तो अन्याय आपण सोसतो आहोत. गोकाक समितीच्या अहवालावरून १९८२ साली कर्नाटकात जे वारे उठले, त्यातून कन्नडसक्ती आपल्या शाळांच्या दारात आली. त्या सक्तीविरुद्ध जून १९८६ च्या आंदोलनात नऊ जणांनी प्राण दिले. दरवर्षी १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर आपण फुले वाहतो, घोषणा देतो, डोळे पुसतो.

आणि त्याच जून महिन्यात घरी येऊन नातवाचे बोट धरून त्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवून देतो!

कटू वाटेल, पण आज याच विषयावर बोलायला हवे. कर्नाटक शासनाविषयी आपण गेली कित्येक वर्षे बोललो आहोत, पुढेही बोलू. पण गावातल्या मराठी शाळेचा पट उतरतो आहे तो केवळ बेंगळूरच्या हुकमाने नव्हे. ज्यांच्या वाडवडिलांनी शाळेला जागा दिली, पाटी-पेन्सिलीसाठी वर्गणी काढली, त्याच जुन्या घरांतली मुले आज त्या शाळेत नाहीत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. हा लेख इंग्रजीच्या विरोधात नाही. कोगनोळी हमरस्त्यावरचे गाव आहे. उत्तरेला दुधगंगा ओलांडली की कागल, तिथली पंचतारांकित औद्योगिक वसाहत, पुढे कोल्हापूर आणि पुणे. दक्षिणेला निपाणी, बेळगाव आणि पुढे बेंगळूर. या रस्त्याने कुठेही गेले तरी नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी लागते, बँकेत लागते, औषधाच्या चिठ्ठीवर लागते. वाघिणीचे दूध म्हणून आपल्या पूर्वजांनी ज्याचा गौरव केला, ते नाकारणे शहाणपणाचे नाही. प्रश्न इंग्रजी हवी की नको हा नाहीच. ती कशी शिकवायची, हा आहे.

इथेच आपली मोठी गफलत होते. इंग्रजी शिकणे ही एक गोष्ट आणि इंग्रजीतून शिकणे ही दुसरी. पहिलीत इंग्रजी हा विषय असतो. दुसरीत गणित, विज्ञान, इतिहास सारेच इंग्रजीत येते. ज्या घरात आजी मराठी बोलते, आई मराठी बोलते, गल्लीत मराठी आणि बाजारात मराठी-कन्नड चालते, त्या घरातल्या सहा वर्षांच्या पोराला सगळे इंग्रजीतून दिले तर काय होते? ते पाठ करते. स्पेलिंग बिनचूक लिहिते, कविता हातवारे करून म्हणते, पाहुण्यांसमोर आईबापांची मान उंच होते. पण झाड आपले अन्न कसे तयार करते, हे त्याला त्याच्या शब्दांत विचारा! 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मराठीतही सोपा नाही, हे मान्य. पण मराठी वर्गातले मूल हात वर करून "गुरुजी, मग रात्री झाड काय करतं?" असे विचारू शकते. इंग्रजी वर्गातले मूल गप्प बसते. ज्या भाषेत मुलाला प्रश्न विचारता येत नाही, त्या भाषेत त्याला उत्तरे फक्त घोकावी लागतात.

आपल्याच घरातल्या जुन्या माणसांची आठवण काढा. त्या काळी मराठी चौथी झाल्यावर इंग्रजी पहिली सुरू होई. कित्येक घरांतल्या माळ्यावर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची फाटकी प्रत आजही सापडेल. त्या पुस्तकाची रीत काय होती? मराठी येणाऱ्या मुलासाठी, मराठीच्या आधाराने इंग्रजी. आधी मराठी वाक्य, मग त्याचे इंग्रजी, आणि दोन्हींत फरक कुठे पडतो ते समजावून सांगितलेले. त्या रीतीने शिकलेल्या माणसांनी कोर्टकचेऱ्या चालवल्या, कलेक्टरला अर्ज लिहिले, तारा वाचून दाखवल्या. त्यांचे उच्चार साहेबासारखे नसतील, पण अर्जाचा मसुदा असा पक्का की खोडायला जागा नसे. त्यांचे मराठीही तितकेच भक्कम होते. आज दहावी झालेल्या किती मुलांना दोन्हींपैकी एका भाषेत तरी तहसीलदाराला धड अर्ज लिहिता येतो?

"आमच्या मुलांवर आधीच मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी असे चार भाषांचे ओझे आहे, एक तरी कमी करू," असे काही पालक म्हणतात आणि कमी करतात ती मराठी! भाषा हे ओझे असते तर सीमाभाग केव्हाच वाकून मोडला असता. मिरजेजवळच्या कुपवाडमध्ये गंपर्झ व विल्सन या अभ्यासकांनी पाहणी केली होती, ती १९७१ साली प्रसिद्ध झाली. तिथले लोक मराठी, कन्नड आणि उर्दू शतकानुशतके शेजारी शेजारी बोलत आले. या भाषांची वाक्ये तिथे इतकी एका साच्याची झाली आहेत की शब्दाला शब्द ठेवून एकीतून दुसरीत जाता येते, तरी प्रत्येक घराने आपली भाषा सोडलेली नाही. कोगनोळीच्या बाजारात यापेक्षा वेगळे काय दिसते? आपला विरोध कन्नड भाषेला कधीच नव्हता, तो सक्तीला आहे. पायाची भाषा पक्की असेल तर सीमाभागातले मूल तिसरी आणि चौथी भाषाही सहज उचलते. पायाच काढून घेतला तर एकही भाषा धड येत नाही.

बाहेरच्या जगाचा अनुभव हेच सांगतो. मलेशियाने २००३ साली गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला सुरुवात केली. खेड्यातली मुले मागे पडू लागली, तेव्हा २००९ साली सरकारने हे धोरण मागे घेत असल्याचे जाहीर केले. स्वीडन, नेदरलँड्स या देशांत मुले आपापल्या भाषेत शाळा शिकतात आणि इंग्रजी विषय म्हणून घेतात. त्यांचे इंग्रजी कच्चे असते असे कोणी म्हणेल काय?

इतके लांब जायचे नसेल तर आपल्याच राज्याच्या राजधानीत पाहा. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बेंगळूर आणि मद्रास भागातल्या प्रादेशिक माध्यमाच्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला. व्याकरण घोकून घेण्याऐवजी मुलांपुढे काम ठेवायचे, नकाशा वाचा, वेळापत्रक पाहून कोणती गाडी धरायची ते ठरवा, आणि ते काम करता करता इंग्रजी अंगवळणी पडू द्यायची. इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणात जगभर आजही या प्रयोगाचा उल्लेख होतो. यासाठी वातानुकूलित वर्ग लागला नाही की टाय लागला नाही. कोगनोळीहून कोल्हापूरला दहाच्या आत पोहोचायचे तर कोणती एस.टी. धरावी, हा धडा आपल्या मराठी शाळेत का होऊ नये?

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेचे ३५० अ हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकते. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, म्हणजे ज्या वर्षी आपल्याला तोडले त्याच वर्षी. कर्नाटकाने १९९४ साली हुकूम काढला की पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नडच असेल. त्या हुकमाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ६ मे २०१४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की राज्याला माध्यमाची सक्ती करता येणार नाही, माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा आणि त्याच्या वतीने आईबापांचा. निकाल सक्तीविरुद्ध होता, म्हणून त्याचे स्वागतच. पण त्या हक्काचा उपयोग आपण कशासाठी केला? मराठी निवडण्यासाठी नव्हे, ती सोडण्यासाठी!

कन्नडसक्ती चुकवायची म्हणून इंग्रजी माध्यम, असे सांगणाऱ्यांनी २०१५ चा कन्नड भाषा शिक्षण कायदा वाचावा. राज्यातल्या सर्व शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकवण्याची अट त्यात आहे. इंग्रजी शाळाही त्यातून सुटत नाहीत. म्हणजे तिथे आपल्या मुलाला इंग्रजी पहिली, कन्नड दुसरी, आणि मराठी मिळालीच तर तिसरी. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरे काय?

"मराठी शाळेत इंग्रजी धड शिकवतात कुठे?" हा पालकांचा सवाल मात्र रास्त आहे. तो टाळून चालणार नाही. इंग्रजी शिकवणाऱ्याला मराठी येत नसेल, तर मुलाची चूक कुठून आली हे त्याला कळणार कसे? "मला दोन भाऊ आहेत" हे मनात धरून मूल इंग्रजीत शब्दाला शब्द लावत जाते. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही 'व' म्हणते. मराठीत 'अ' आणि 'द' ही उपपदे नाहीत म्हणून ती गाळते. मराठी जाणणारा शिक्षक हे दोन मिनिटांत समजावतो, न जाणणारा छडी उगारतो. तो शिक्षक जन्माने कन्नडभाषक असला तरी आमची हरकत नाही. त्याला मराठी यायला हवी, एवढेच.

पण ही मागणी करणार कोण? जुन्या, वजनदार घरांतली मुले शाळेतून काढून नेली की मागे उरतात ती शेतमजुरांची आणि विडी कामगारांची मुले. त्यांच्या आईबापांना रोजगार बुडवून निपाणीला अधिकाऱ्याच्या दारात बसता येत नाही. पलीकडच्या कागलच्या घराण्यात जन्मलेल्या शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, ते याच मुलांसाठी. त्यांची शाळा आपण वाऱ्यावर सोडून द्यायची आणि काळ्या दिनाला मूक फेरीत पुढे चालायचे, हे शोभत नाही.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून प्रलंबित आहे. आपला आधार आहे तो इथल्या मराठी वस्तीचा, मराठी व्यवहाराचा, मराठी शाळांचा. शाळेला कुलूप लागले की एक जिवंत पुरावा आपल्याच हाताने पुसला गेला असे समजा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा जाहीर केला, आपण पेढे वाटले. पेढ्यांनी पट भरत नाही.

म्हणून करायचे काय?

१) प्रत्येक मराठी प्राथमिक शाळेत मराठी जाणणारा आणि इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक मिळावा, असा ठराव ग्रामसभेत मांडावा आणि त्याची प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवावी.

२) कर्नाटकाने २०१९ साली एक हजार सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाचे वर्ग काढले. आपल्या शाळेत असे वर्ग आणायचे झाले तर ते मराठी-इंग्रजी असे द्विभाषिक असावेत, मराठीला बाहेर काढणारे नसावेत.

३) गावातल्या निवृत्त शिक्षकांनी आणि अर्जुननगरच्या देवचंद महाविद्यालयात वा कोल्हापुरात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठी शाळेत इंग्रजीचा वर्ग घ्यावा. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. देऊळ आहे, तालीम आहे, पार आहे.

४) मराठीसाठी व्यासपीठावरून बोलणाऱ्या प्रत्येक पुढाऱ्याला विचारा, तुमची नातवंडे कोणत्या शाळेत आहेत? उत्तर ऐकूनच टाळ्या वाजवा.

१९८६ साली आपण एक सक्ती रस्त्यावर उतरून अडवली. आताची ही ओढ कोणी लादलेली नाही, म्हणून ती अडवणे अधिक अवघड आहे. तिच्यासाठी लाठ्या खाव्या लागणार नाहीत. येत्या जूनमध्ये घरातल्या एका मुलाचे नाव मराठी शाळेच्या हजेरीत घालायचे आणि त्याला उत्तम इंग्रजी येईपर्यंत त्या शाळेची पाठ सोडायची नाही, एवढेच करायचे आहे. कोगनोळीच्या जुन्या घरांनी हे पहिल्यांदा करून दाखवावे. बाकीची गावे मागून येतील.

जय महाराष्ट्र!